व्हॅनमागचा हात

युरोपात पाऊल न ठेवता युरोपातली चित्रं रंगवलेली भिंत न् भिंत पाठ असलेला माणूस जगात एकच आहे, आणि तो शिकागोजवळ नेपरव्हिलला राहतो. माझ्या बायकोच्या मैत्रिणीचा नवरा. मूळचा नागपूरचा, पोटासाठी सॉफ्टवेअरवाला. आपल्याला स्टेशनवर सोडायला निघाला तरी वाटेत लिस्बनचा एखादा चढ चढवून आणणार. "इथून डावीकडे वळलं की निळा मासा लागतो बघ," असं तो म्हणाला की मी खरंच डावीकडे बघायचो. तिथे गॅस स्टेशन असायचं. कुणी बार्सिलोनाच्या प्रदर्शनाचं माहितीपत्रक आणून दिलं, तर ते वरणभाताशेजारी उघडून त्यातल्या दालनांमधून बोट फिरवत हिंडायचा, आणि मध्येच थांबून म्हणायचा, "हं, इथे गर्दी आहे."

हिवाळ्यात परसदार पांढरं झालं की त्याला ती कोरी भिंतच वाटायची. फवाऱ्याच्या बाटलीत हळदीचं पाणी, खायचे रंग, आणि बर्फावर अख्खं चित्र. ते वरूनच नीट दिसतं म्हणून पाहुण्यांना बूट काढायला लावून थेट वरच्या बेडरूममध्ये न्यायचा. "भाऊजी, हळद तर संपवलीच ह्यांनी," वहिनी म्हणायच्या, "आणि पिवळा बर्फ बघून शेजारीण विचारते, तुमच्या कुत्र्याला बरं नाही का? आमच्याकडे कुत्राच नाही हो!"

मग युरोपला जायला काय झालं होतं? ग्रीन कार्डाची फाइल अडकलेली. बाहेर गेलो आणि परत येताना अडकलो तर घर, मुलीची शाळा, नोकरी सगळंच लटकेल, ही धास्ती. माझं कार्ड मात्र केव्हाच हातात पडलेलं, आणि ऑफिस मला सारखं युरोपला पाठवायचं. मला! ज्याला हॉटेलात टीव्ही लावून झोपायला आवडतं. ते मला आतून खात राहायचं. बोललो नाही कधी. आज लिहून टाकतो.

२००६च्या उन्हाळ्यात बर्लिनचं काम निघालं, तेव्हा तो एक प्रिंटआउट घेऊन आला. पाच मजली घराच्या बिनखिडक्यांच्या भिंतीवर झोपलेल्या बाईचं चित्र, केस फुटपाथपर्यंत. इंटरनेटवर तिचा हा एकच फोटो, आणि त्यात नेमकी तिच्या हातापुढे एक व्हॅन उभी.

"हातात काय आहे तेवढं बघून ये यार. वर्षानुवर्षं ही व्हॅनच बघतोय मी. पक्षी असेल बहुतेक."

"डॅड, इट्स अ फोन," मुलगी म्हणाली.

घर सापडलं. भिंतीला नुकताच राखाडी रंग दिलेला होता. बाई नाही, केस नाहीत, हात नाही. नेपरव्हिलला तेव्हा सकाळ होती. पहिल्याच रिंगला त्याने फोन उचलला.

"बोल, काय आहे?"

पक्षी आहे, म्हणून टाकणं किती सोपं होतं. अशी सोपी उत्तरं देतच मी इथवर आलोय. पण तो इतका जिवाचा कान करून ऐकत होता की मला जमेना.

"पुसलीय रे. सगळी भिंत राखाडी केलीय."

"आणि व्हॅन?"

"व्हॅन नाहीये."

"आत्ता गेली का ती!" तो हसला, हसू मध्येच विरलं. "घाईत आहेस?"

"नाही."

"मग थांब ना जरा तिथे."

मी थांबलो. ऊन भिंतीवरून सावकाश सरकत होतं. एके ठिकाणी राखाडीखालून गुलाबी झाक आल्यासारखी वाटली, ती मी त्याला सांगितली. सायकलवरून चाललेली एक आजी माझ्याकडे बघून उतरली आणि तीही वर बघू लागली. फोनमध्ये त्याचा श्वास ऐकू येत होता. इतका वेळ आम्ही दोघांनी मिळून कुठलंच चित्र पाहिलं नव्हतं.