भिकूची अमेरिकन डोकी

भिकू मला पहिल्यांदा दिसला तो सौदी अरेबियातल्या दम्मामला, आमच्या इमारतीमागच्या गल्लीत. शुक्रवारची सकाळ होती. प्लास्टिकच्या खुर्चीवर एक सुदानी ट्रकड्रायव्हर बसला होता आणि हा किडकिडीत कोकणी माणूस त्याच्या दाट कुरळ्या केसांतून मशीन फिरवत होता. जरासं फिरवायचा, मागे सरायचा, मान तिरकी करून बघायचा. पैसे घेत नव्हता. उलट ड्रायव्हरलाच चहा पाजत होता. मी तिथल्या एका भारतीय शाळेत भूगोल शिकवायचो. माझ्या हातातला वह्यांचा गठ्ठा बघून तो हसला.

"गुरुजी, हे केस निराळे. चुकलं की महिनाभर दिसतं. म्हणून सराव करतोय."

भिकू गुहागरकडचा. शेजारच्या खोबर शहराच्या रस्त्यावर अमेरिकन लोकांची भिंतीआडची वसाहत होती, सगळे तिला कंपाऊंड म्हणत. तिथल्या सलूनमध्ये तो कंत्राटदाराच्या पगारावर होता. त्याच्या आधीच्या न्हाव्याने काळ्या अमेरिकनांची डोकी बिघडवली होती, त्यामुळे ती मंडळी दुकानाकडे फिरकत नव्हती. सुदान्यांच्या डोक्यांवर हात बसवून भिकूने ती परत आणली.

पुढे मीही त्या गल्लीत त्याच्याकडूनच केस कापून घेऊ लागलो आणि कधीही न पाहिलेलं ते कंपाऊंड मला त्याच्या बोलण्यातून कळत गेलं. चाळीसेक घरं. निम्म्याहून जास्त गोरे, टेक्सासकडचे तेलवाले. काही काळे, दोन मेक्सिकन घरं, व्हिएतनाममध्ये जन्मलेली मिसेस ट्रान. शिवाय एक मल्याळी डॉक्टर. त्याला गेटवरचा पहारेकरी रोज नव्याने थांबवायचा.

"पासपोर्ट सगळ्यांचा एकच हो," भिकू म्हणायचा, "पण पोहण्याच्या तलावाशी खुर्च्या वेगळ्या. कोणी सांगत नाही. आपले आपले जाऊन बसतात."

२००४च्या उन्हाळ्यात आमच्या भागात परदेशी लोकांवर हल्ले झाले. आम्हीसुद्धा मुलांना गल्लीत खेळू देत नव्हतो. कंपाऊंडच्या गेटपुढे सिमेंटचे ठोकळे आले आणि आतली मांडणीच उलटी झाली. गोऱ्यांना भिंतीबाहेर पाऊल टाकता येईना. मिसेस ट्रान मात्र काळा पायघोळ अबाया घालून बाजारात जायची. लोक तिला फिलिपिनो नर्स समजायचे. लेनर्ड नावाचा निवृत्त काळा सैनिक अरबांसारखा पायघोळ पांढरा तोब घालून सगळ्यांची भाजी आणायचा. "जन्मभर भांडलो, मलाही अमेरिकन समजा म्हणून," तो खुर्चीत बसून भिकूला म्हणाला. "आता कोणी समजत नाही, तर जीव वाचतोय!"

अशात एका दुपारी कॅरल नावाची गोरी बाई दोन मुलांना घेऊन सलूनमध्ये आली. नवरा अल खफजीला, समुद्रातल्या तेलविहिरीवर अडकलेला. बाईला त्याच दिवशी मुलांना घेऊन समुद्रावरचा पूल ओलांडून शेजारच्या देशात, बहरीनला जायचं होतं. गाडी लेनर्ड चालवणार होता. ती स्वतः तोंड झाकून बसणार. पण मुलांचे केस कणसाच्या तुऱ्यासारखे पिवळे. तसे गोरे चेहरे सिरियन मुलांचेही असतात. घात करणार ते केस.

"काळे कर," ती म्हणाली. "पाचला गेट बंद होतं."

दुकानातल्या केमिकलच्या रंगाने एका गिऱ्हाइकाचे कान सोलवटले होते. तो मुलांना लावायचा नाही, असं भिकूने ठरवलं आणि नीलपत्तीची पूड भिजवली. गावाकडे तो पिकलेली डोकी तिनेच काळी करायचा. धुऊन बघतो तर मुलांचे केस शेवाळासारखे हिरवे! गावाकडच्या डोक्यांवर आधीची लाल मेंदी असायची, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. आठ वर्षांची लिंडसे आरशात बघून हुंदके देऊ लागली. कॅरल तर मटकन खालीच बसली.

सहा वर्षांच्या कोडीचा भिकूने सरळ गोटा केला, भुवया काजळाने काळ्या केल्या. लिंडसेच्या लांब केसांना लाल मेंदी थापली. हिरव्यावर ती चढली असती, पण वेळ लागणार होता.

बाहेरून लेनर्ड ओरडला, "यल्ला, चल लवकर, भिकू! लग्नाला निघालोय का?"

मग भिकूने पोरीच्या डोक्याला प्लास्टिकची पिशवी बांधली, वर रुमाल गुंडाळला आणि वाटेत केस धुवायला पाण्याचा कॅन घेऊन पुढच्या सीटवर जाऊन बसला.

"अरे, परक्या बाईबरोबर गाडीत? इथे त्याला तुरुंग आहे!" ही हकिकत ऐकताना मी मध्येच म्हणालो.

"तेच तर, गुरुजी. हल्ला करणारे पोलिसांचे कपडे घालतात, अशी बोलवा होती. चौकी खरी असली तर मी आत जाणार. खोटी असली तर ती जाणार, पोरांसकट."

चौकी लागलीच. एक तरुण बंदूकवाला खिडकीशी वाकला. खरा की खोटा, कळायला मार्ग नव्हता. लेनर्डने स्टिअरिंग घट्ट धरलं होतं. त्याने तोंड उघडलं असतं तर सगळंच उघडं पडलं असतं. मागच्या सीटवर लिंडसेच्या कपाळावरून मेंदीचा ओघळ आला. वास गाडीभर कोंदलेला.

"हिन्ना?" शिपायाने विचारलं.

"हिन्ना," भिकू बाजारी अरबीत म्हणाला. "घरी लग्न आहे."

शिपायाची नजर कोडीवर गेली. त्याने मुलाला नाव विचारलं. तेवढं अरबी कोडीला शाळेत शिकवलेलं होतं. कॅरलचा हात अबायाखाली मुलाच्या गुडघ्यावर आवळला गेला. खरं नाव सांगायचं नाही, असं आईने मुलाला बजावलेलं. मग तो म्हणाला, "भिकू."

"बीकू?" शिपाई हसला. "मबरूक, बीकू!" असं लग्नाचं अभिनंदन करून त्याने हाताने रस्ता दाखवला.

पुलाअलीकडच्या पेट्रोलपंपामागे भिकूने लिंडसेचे केस धुतले. चांगले तपकिरी झाले होते. "माझ्या मावसबहिणीसारखी दिसते," लेनर्ड म्हणाला, आणि रडता रडता ती पोरगी हसली. भिकूचा पासपोर्ट कंत्राटदाराकडे, त्यामुळे पूल त्याला बंद. तो तिथेच उतरला आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत रिकामा कॅन घेऊन उभा राहिला. संध्याकाळी बहरीनहून कॅरलचा फोन आला: पोचलो.

रहिवाशाच्या गाडीत कामगाराने बसायचं नाही, असा कंपाऊंडचा नियम होता. पहारेकऱ्याने कळवलं. कंत्राटदार एकच शब्द बोलला, "खलास," आणि इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, काढून घेतला. कोणासाठी गेलो होतो, हे भिकूने त्याला सांगितलं नाही. बाईचं नाव चौकशीत नको, म्हणाला. जाण्याआधी त्याने माझे केस कापले तेव्हा हे सगळं सांगितलं. एरवी बडबडणारा माणूस, पण त्या दिवशी थांबून थांबून बोलत होता.

हल्ली तो गुहागरला एसटी स्टँडसमोर स्वतःचं दुकान चालवतो. सोमवारी बंद असतं.