बाबांचं बोट आणि यंत्राची मान

बँकेत बावीस वर्षं मी लोकांच्या सह्या पडताळल्या. त्यामुळे समोर आलेली गोष्ट आधी खोटी धरायची, ही माझी खोडच झाली आहे. धाकट्या भावानं ती नवी दुर्बीण आणली, तेव्हाही मी पहिल्या दिवसापासून तिच्याकडे तिरक्या नजरेनंच पाहिलं. पाठपिशवीत मावेल एवढा डबा, आणि डोळा लावायला कुठे जागाच नाही! छतावर ठेवला, की आपली आपण मान फिरवून तारे शोधतो आणि फोटो मोबाइलवर पाठवतो.

नदीकाठी, ब्रह्मा घाटावरच्या आमच्या छतावरून ज्येष्ठात धड चार तारे दिसत नाहीत, इतकी धूळ आणि इतके दिवे. आणि या डब्याला म्हणे रंगीत तेजोमेघ दिसतात.

"आत आधीच फोटो भरून ठेवलेत," मी म्हटलं. भाऊ पाणी आणायला खाली गेला, तेवढ्यात मी भिंगावर सरळ तळहात ठेवला. मोबाइलवर तक्रार उमटली: तारे सापडत नाहीत. मी हात काढला आणि साळसूदपणे बसले. संशय कमी झाला, गेला मात्र नाही.

बाबा शेजारी खुर्चीवर होते. साठ वर्षं पौरोहित्य केलेला माणूस. लग्नात नव्या जोडप्याला अरुंधती दाखवायचं काम त्यांचं. सप्तर्षींतल्या वसिष्ठाला चिकटून असलेली ती बारीक चांदणी ज्याला दिसेनाशी होते, तो सहा महिन्यांत जातो, असं त्यांच्या पोथीत आहे, आणि पोथीवर त्यांचा पक्का भरोसा. म्हणून संध्या आटोपून छतावर आले, की ते बोट वर करून सांगत, "ती बघा." आम्ही बघतही नसू.

त्या संध्याकाळीही बोट वर गेलं. "तुझ्या दूरबीनला दिसते का रे अरुंधती?"

भावानं मोबाइलवर काहीतरी दाबलं. यंत्रानं घुर्र करत मान वळवली, ती भलतीकडेच. बाबांचं बोट नदीवर, यंत्राची मान गल्लीकडे.

"पकडलं!" मी म्हटलं. "एकदम नकली आहे."

"ताई, जरा वर तर बघ."

बघितलं. पुसट का होईना, सप्तर्षी यंत्राच्याच बाजूला होते. दुर्बिणीला जागा करायला दुपारी मीच बाबांची खुर्ची वळवून ठेवली होती. ते नुसत्या सवयीनं बोट दाखवत होते. साऱ्या जगावर संशय घेणाऱ्या मला घरातली ही थाप कळली नव्हती.

तेवढ्यात फोटो आला. वसिष्ठ, आणि शेजारी अरुंधती, अगदी स्पष्ट. मी मोबाइल बाबांच्या डोळ्यांजवळ धरला. "दिसली ना? झालं तर मग."

"मला कुठे? यंत्राला दिसली. ते जगेल."

भाऊ मोतीबिंदूचं, डॉक्टरांचं काही बोलायला लागला. मी त्याला गप्प केलं.

"बाबा, खरं सांगा. कधीपासून दिसत नाही?"

"कार्तिकापासून."

मी बोटांवर महिने मोजले. सात! मला रडू येत होतं आणि हसूही. "अहो, मग पोथीची मुदत कधीच संपली. तुम्ही तर इथे बसलात."

"तेच तर," ते हळूच म्हणाले. "रोज जाग आली, की संशय येतो, आहे की गेलो. तुझ्या भांड्यांचा आवाज येईपर्यंत तसाच पडून राहतो."