सुनंदाने न सांगितलेली गोष्ट

शाळांना हाफ टर्मची सुट्टी लागली त्या सोमवारी सकाळी सुनंदाच्या नवऱ्याचा, अरुणरावांचा फोन आला. "वहिनी, सुनंदा गेली. हार्ट अटॅक..." मी ऑफिसला निघाले होते, तशीच जिन्याच्या पायरीवर बसले. महिना झाला, अजून कशात मन लागत नाही.

माझी मैत्रीण सुनंदा लंडनमधल्या पिनरजवळच्या एका हायस्कुलात नर्स प्रॅक्टिशनर होती. खरचटलेल्या गुडघ्याला पट्टी लावण्यापुरतं तिचं काम नव्हतं. ती मुलांना तपासायची, निदान करायची, काही औषधंही स्वतः लिहून द्यायची. "पोट दुखतंय म्हणून येतात गं, खरं दुखणं वेगळंच असतं," म्हणायची. माझी केतकी त्याच शाळेत. पंधराव्या वर्षी ती वाळत चालली होती आणि मी सगळं परीक्षेच्या टेन्शनवर ढकलत होते. एका संध्याकाळी ती किचनमध्ये येऊन म्हणाली, "आई, मी लंच कचऱ्याच्या बिनमध्ये टाकते. खूप महिने. सुनंदामावशीला माहितीये."

मी तडक सुनंदाचं घर गाठलं. "तुला ठाऊक होतं? आणि दर रविवारी माझ्याकडे चहा पीत होतीस?"

"शाळेत मी तिची नर्स आहे, नीला. दर आठवड्याला वजन बघत होते, तिला विचारून तुमच्या जीपी डॉक्टरांनाही कळवलं. जिवावर बेतलं असतं तर तुझ्याकडे आलेच असते. पण तिनं स्वतः तुला सांगायला हवं होतं."

"मी आई आहे तिची!"

"म्हणूनच तर..." पुढचं ऐकायला मी थांबलेच नाही. केतकी हळूहळू सावरली, जेवायला लागली. आमचे रविवार मात्र बंद पडले. नंतरची तीन वर्षं गणपतीत भेटलो तर "कशी आहेस?", "बरी आहे," एवढंच.

अंत्यविधीला केतकी युनिव्हर्सिटीतून आली होती. गाडीत हुंदके देत म्हणाली, "मावशीने माझी गोष्ट कोणाला नाही सांगितली. सांगितली असती तर मी परत गेलेच नसते तिच्याकडे."

गेल्या आठवड्यात सुनंदाची खोली आवरायला अरुणरावांबरोबर शाळेत गेले. टेबल भिंतीला सरकवलेलं, सारख्या उंचीच्या दोन खुर्च्या. तिची आत, खिडकीपाशी, मुलांची दाराजवळ. "नको वाटलं तर त्यांना उठून जाता यावं म्हणून," अरुणराव म्हणाले. मी त्या दाराजवळच्या खुर्चीत बसले. दोनदा उठायला गेले... अरुणराव खोकी भरत होते. या वेळी मात्र मी बसून राहिले.