कपाटातली डिस्क

नांदेडला आमच्या ताईच्या घरी चांगली वस्तू वापरायची पद्धत नाही. सोफ्यावर दुकानातलं प्लास्टिक अजून आहे, टीव्हीचा रिमोट पिशवीत गुंडाळलेला आहे, आणि शोकेसमधल्या सोनेरी काठाच्या कपांतून आजवर कुणी चहा प्यायलेला नाही. ते पाहुण्यांसाठी आहेत म्हणे. मी पाहुणा नसावा, कारण मला कान तुटलेला कप मिळतो.

दाजी निवृत्त शिक्षक. घरातल्या म्हाताऱ्यांचं बोलणं रेकॉर्ड करायचा नाद त्यांना लागला, म्हणून मी त्यांच्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स टाकलं आणि दोन डिस्कचं सॉफ्टवेअर रेड करून दिलं. म्हणजे जे साठवाल ते दोन्ही डिस्कवर एकदमच लिहिलं जातं; एक मेली तर दुसरी हाताशी. दाजींनी मान डोलावली. जन्मभर पोरांच्या अशाच माना पाहून ते पुढच्या धड्याला गेले होते, आणि मीही तेच केलं.

थंडीत त्यांनी आपल्या आईला रोज दुपारी समोर बसवून बोलतं केलं. उन्हाळ्यात ती गेली. तेराव्यानंतर फोन आला.

"तुझं लिनक्स उठंना गेलंय. आईचं सगळं बोलनं त्यातच हाय."

"घाबरू नका. एक डिस्क गेली असेल, दुसरी आहेच की," मी म्हणालो. लातूरहून एसटीत बसलो, अहमदपूरला उतरून भजीसुद्धा खाल्ली, इतका मी निवांत होतो.

मशीन उघडलं. पहिली डिस्क नुसती टकटक करत होती. दुसरीची जागा रिकामी.

"दाजी, दुसरी कुठंय?"

"कपाटात. लई जपून ठेवली."

ताईच्या लग्नातल्या शालूच्या घडीतून डिस्क निघाली. दसऱ्याच्या पूजेला मशीन पुसताना काढलेली, वर हळदीकुंकवाचं बोट.

"दोन्हीवर तेच हाय म्हनलास न्हवं? मंग दोन्ही कशाला झिजवायच्या?"

एक डिस्क गायब आहे, असं लिनक्स तेव्हापासून दर वेळी पडद्यावर सांगत होतं. दाजी ते वाचत आणि 'मला म्हाईत हाय' म्हणून पुढे जात.

शालूतली डिस्क लावली तरी मशीन उठेना, कारण सुरू करणारा प्रोग्राम पहिलीवरच होता. पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवलं, तो प्रोग्राम हिच्यावर टाकला, आणि हिला एकटीलाच कामाला लावलं. पडदा उजळला तसे दाजी खुर्ची ओढून बसले. त्यांनी ताईलाही हाक मारली.

मामा होते, आत्या होती. सगळ्या फाइली दसऱ्यापर्यंतच्या. थंडी त्या डिस्कने पाहिलीच नव्हती. मेलेली डिस्क घेऊन बाजारात दुरुस्तीवाल्याकडे गेलो, त्यानेही हात टेकले.

घरी आल्यावर दाजींनी विचारलं, "म्हंजी आईचं न्हाई?"

"नाही."

मला त्यांचा भयंकर राग आला होता. काय काय सुनावायचं ते बाजारातून येताना मनात जुळवलंही होतं. दाजींनी मशीन बंद केलं, उरलेली डिस्क काढली, हातरुमालाने पुसली आणि ताईपुढे धरली.

"ही तरी जपून ठेव."

ताईने कमरेची किल्ली काढली. मी तुटक्या कपातला चहा संपवला.