काळ्या पडद्यावरची मोठी अक्षरं

ओतूरला एका दुकानाच्या माडीवर आमचा लिनक्स ही कॉम्प्युटरची फुकट मिळणारी प्रणाली वापरणाऱ्यांचा गट दर रविवारी जमायचा. आठवडाभर कॉलेजच्या लॅबमध्ये मुलांना शिकवायचं आणि रविवारी इथे येईल त्याला फुकट, असं माझं चाललं होतं. सुरुवातीला शिकवणारे आम्ही चार-पाच जण होतो. कुणी नोकरीसाठी पुण्याला गेलं, कुणाच्या घरी लहान मूल आलं. शेवटी खोलीची किल्ली माझ्याकडेच राहिली.

शिकवायचं दर वेळी तेच. एल एस ही कमांड लिहिली की फाइली दिसतात, सी डी आणि फोल्डरचं नाव लिहून आत शिरायचं, मध्ये स्पेस सोडायची. स्पेस सोडायला सगळेच विसरायचे. मी पुन्हा सांगायची. कांद्याची लागण सुरू झाली की निम्मे यायचे बंद व्हायचे आणि नंतर नवे आले की परत एल एसपासून. गट बंद करावा असं मनात पक्कं झालं होतं, फक्त कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या दिवसांत डिंभ्याहून एक निवृत्त गुरुजी आले. नजर अधू होत चालली होती. माउसचा बाण त्यांना सापडतच नव्हता. पेपर वाचायला नातीला हाक मारावी लागते, ती दोन बातम्या वाचते आणि खेळायला जाते, असं त्यांनी सांगितलं. मी पडदा काळा केला, अक्षरं पांढरी आणि जमतील तेवढी मोठी केली. एका ओळीत तीन-चारच शब्द मावत होते. गुरुजी पडद्याला नाक लावून बसले आणि म्हणाले, "हे दिसतंय."

मग ते येतच राहिले. एसटीचा भरवसा नव्हता. कधी गट उठायच्या वेळी पोचायचे, तेव्हा मी किल्ली हातात घेऊन परत बसायची. कंटाळा यायचा, खोटं कशाला सांगू. पण चुकलं की ते स्वतःच पुसून पुन्हा लिहायचे. मला की-बोर्डला हात लावू द्यायचे नाहीत.

पावसाळ्यानंतर त्यांना ती मोठी अक्षरंही पुसट दिसू लागली. ते सांगताना त्यांचा आवाज साधाच होता. पुढचे काही रविवार आम्ही पडदा सोडून दिला. बोटांनी कळा ओळखायच्या, कमांड लिहायची आणि कॉम्प्युटरने वाचून दाखवायचं. त्यातला मराठी आवाज अगदी खरखरीत होता. पहिल्यांदा ऐकून गुरुजी बराच वेळ हसले. "पयलीतली पोरं असंच वाचायची," म्हणाले. "पन वाचायची."

पुढे त्यांना एकट्याने एसटी पकडणं जमेना. एका रविवारी मी गटाला सुट्टी दिली, माडीवरचा एक जुना कॉम्प्युटर पोत्यात गुंडाळला आणि ओळखीच्या जीपमधून डिंभ्याला नेला. मोबाइलवरून इंटरनेट जोडलं, बातम्या आणून वाचणारी एक छोटी कमांड लिहून ठेवली. गुरुजींनी बोटांनी कळा चाचपत ती लिहिली. स्पेस विसरले. मी काही बोलायच्या आत त्यांनीच पुसलं आणि नीट लिहिलं.

यंत्र बातमी वाचू लागलं. त्यांच्या पत्नी चहा ठेवायला गेल्या, जाताना म्हणाल्या, "आता ह्यो दिवसभर बोलनार. बरं झालं, पोरगी सुटली." गुरुजी मान खाली घालून ऐकत होते. मी भिंतीला टेकून बसले होते. धरणाच्या पाण्याविषयीची बातमी संपली, बाजारभाव सुरू झाले आणि मला झोप लागली. जाग आली तेव्हा चहावर साय धरली होती आणि गुरुजींनी आवाज अगदी हळू केला होता.

गट त्याच हिवाळ्यात बंद झाला. माडी आता एका टेलरने घेतली आहे.