रांगेतून उत्तर मागवणाऱ्या बाई

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. आयटीची लाट आली तेव्हा कर्वेनगरच्या एका कॉलेजात मी संगणक विभागाचा प्रमुख होतो. पहिल्या वर्षाला शिकवायला तासिका तत्त्वावर एक बाई आल्या. सगळीकडे सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवत असताना यांनी फंक्शनल प्रकारची भाषा निवडली. तिच्यात लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करवणारी आज्ञा, नाही. फंक्शनने, म्हणजे प्रोग्रॅमच्या छोट्या तुकड्याने, स्वतःलाच पुन्हा हाक मारायची. मी होकार दिला आणि पस्तावलो.

दोन आठवडे त्यांनी कुणाला संगणकाला हात लावू दिला नाही. ती हाक समजावी म्हणून रांगेतल्या शेवटच्या मुलाला विचारायच्या, "तुझ्या पुढे किती जण?" तो पुढच्याला विचारी, पुढचा त्याच्या पुढच्याला. पहिला "शून्य" म्हणाला की प्रत्येक जण एक मिळवून उत्तर मागे पाठवी. बाई डोळे मिटून, खडू हनुवटीला लावून ऐकत. शेजारच्या वर्गात त्या गलक्याने माझं डोकं उठायचं.

"अहो बाई, संगणक कधी चालू करणार?"

"मुलांची डोकी चालू झाली की, सर."

मग पालक प्राचार्यांकडे धडकले. "कंपन्या सी विचारतात, आणि इथे पोरं रांगा मोजतायत!" प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "हे बाईंनी परस्पर ठरवलं." दाराशी उभ्या बाईंनी फक्त हातावरचा खडू झटकला. दुसऱ्या दिवसापासून त्यांचे तास बंद झाले.

पुढे एकदा वारज्याच्या बसथांब्यावर त्या भेटल्या. "मुलं काय म्हणतात, सर?" त्यांनी हसून विचारलं. 'बाई, त्या दिवशी मी खोटं बोललो,' एवढंच मला म्हणायचं होतं. मी म्हणालो, "तुमची बस आली वाटतं."