पहिले हात ले

नानांनी कोणाला कधी सरळ नमस्कार केल्याचं मला आठवत नाही. समोरचा माणूस हात जोडायच्या आत त्याचं मनगट नानांच्या मुठीत गेलेलं असे. तलाठी असो, सोयरीक घेऊन आलेले पाहुणे असोत, नाहीतर केळीच्या ट्रकचा ड्रायव्हर. नाना मनगट धरत, अंगठ्याने आतल्या बाजूला जरासं दाबत आणि डोळे बारीक करून निकाल देत, "कच्चं शे." आमचा चोपड्याकडचा मुलूखच केळीवाला, त्यामुळे माणूससुद्धा नानांना घडासारखा कच्चा नाहीतर पिकलेला दिसायचा. पिकलेला म्हणून त्यांनी कोणाला पास केलेलं मात्र मी पाहिलं नाही. एकदा डॉक्टरांनी नाडी बघायला हात पुढे केला, तर नानांनीच त्यांचं मनगट धरलं आणि म्हणाले, "डॉक्टर, टायमावर जेवत जा."

नाना आमचे वस्ताद. गावाबाहेर, केळीच्या बागांना लागून त्यांची तालीम होती. पत्र्याचं छप्पर, खाली लाल माती, आणि उन्हाळ्यात आत अशी भट्टी की हनुमानाच्या तसबिरीलाही घाम फुटेल. माझ्या वडिलांनी मला तिथे नेलं त्याचं कारण कुस्तीचं प्रेम वगैरे काही नव्हतं. मी शाळेत पोरांना बदडत होते आणि रोज कोणाची तरी आई आमच्या दारात येऊन आरडाओरडा करत होती. वडील हात जोडून म्हणाले, "नाना, हिला तुमच्याकडे घ्या, नाहीतर गाव सोडायची पाळी येईल." नानांनी माझं मनगट धरलं, दाबलं. "कच्ची शे," म्हणाले, आणि मग जरा थांबून, "पन गरम शे." मला ते एवढं आवडलं की दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मी तालमीच्या दारात उभी.

नानांची सगळी विद्या एका वाक्यात मावायची, "पहिले हात ले, मंग पाय ले." आधी समोरच्याचा हात जिंकायचा, मग पायाकडे बघायचं. कुस्ती बघणाऱ्यांना खडाखडी म्हणजे नुसता वेळकाढूपणा वाटतो. दोघं उभे आहेत, मनगटं धरताहेत, झटकताहेत, मानेवर हात टाकताहेत, कोणी पडत नाही, काही नाही. नानांच्या मते कुस्ती तिथेच लागते आणि तिथेच संपते. ज्याचा हात आत, त्याची कुस्ती. पाडणं हे पुढचं नुसतं काम. "वरतून झडप घालू नको," ते सांगायचे. "समोरचा वरतून येनारा हात देखस आनि भडकस. खालतून जा. तुन्हा हात त्याना हातखाले गया का त्याले समजत बी नही."

ह्या हट्टापायी त्यांनी तरुणपणी भरपूर शिव्या खाल्ल्या. साक्रीच्या दंगलीतला किस्सा तर तालमीत प्रत्येक नव्या पोराला ऐकवला जाई. नाना आणि समोरचा एक धिप्पाड पहिलवान, दोघं एकमेकांचे हात धरून मैदानात गोल गोल फिरताहेत. लोक ऊन डोक्यावर घेऊन बसलेले, हलगीवाला वाजवून वाजवून दमला. शेवटी गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "ओ पहिलवान, हात धरीसन लगीन लायी ऱ्हायनात का?" सगळं मैदान हसलं. नानांनी समोरच्याचं मनगट न सोडता मान वळवली आणि तिथूनच उत्तर दिलं, "लगीनमा बी पहिले हातच धरतस रे भो! पाय मांगून पडतस." समोरच्या पहिलवानाला हसू फुटलं, त्याचा हात सैल पडला आणि नानांनी त्याला तेवढ्यात पाठीवर घातलं. ह्यातलं किती खरं आणि किती मसाला, देव जाणे. नाना स्वतः सांगताना दरवेळी पहिलवानाचं वजन वाढवायचे.

मला हे सगळं तोंडपाठ होतं आणि अंगात एक अक्षर नव्हतं. धुळ्याला निवड चाचणी होती. शिट्टी वाजली आणि मी बैलासारखी खाली मान घालून समोरच्या मुलीच्या पायांवर तुटून पडले. ती शहाणी होती. तिने पाय मागे फेकले, माझ्या मानेवर सगळं वजन टाकलं आणि मला मॅटवर पोळीसारखं लाटलं. कुस्ती सुरू कधी झाली आणि संपली कधी, माझं मलाच कळलं नाही. मी बाहेर येऊन हमसाहमशी रडले. नाना शेजारी शेंगदाणे खात बसले होते. माझं रडणं ओसरल्यावर म्हणाले, "पायले भेटाले पयत गई, हातले इचारंबी नही." एवढंच. परतीच्या एसटीत त्यांनी मला खिडकीची जागा दिली आणि स्वतः घोरले.

त्यानंतर माझा पट, म्हणजे पायांवर झेपावणं, बंद. पायाला हात लावायचा नाही, पाडायचं नाही, पूर्ण हंगाम नुसते हात. मनगट धर, सोडव, पुन्हा धर. त्यावर भर म्हणून केळीचा घड दांड्याला धरून बांधावरून चालायचं, खाली टेकला की परत पहिल्यापासून. चिकाचे काळे डाग पडून माझा एकही ड्रेस धड राहिला नाही. घरी आई रोज माझा उद्धार करायची आणि मी मनातल्या मनात नानांचा. मी इतकी वैतागले की एक दिवस तडक त्यांच्या घरी जाऊन अक्काकडे गाऱ्हाणं घातलं.

अक्का म्हणजे नानांची बायको. ठेंगणी, काटक, आणि तोंडाने नानांच्या वरचढ. त्या दिवशी चुलीवर उलटं खापर तापत होतं आणि ती पुरणपोळी करत होती. आमच्याकडची पोळी लाटत नाहीत, हातांवर झेलत झेलत मोठी करतात. कणकेचा गोळा अक्काच्या मनगटांवर आला, या हातावरून त्या हातावर नाचला आणि बघता बघता कोपरापर्यंत पसरला. फाटला नाही की कुठे जाड राहिला नाही. मी गाऱ्हाणं विसरून बघत राहिले. मागून नाना आले आणि म्हणाले, "देखं? ही पोयीले पकडस का? खालतून हात देस. पोयी सोताच हातवर बठस." अक्काने मान न उचलता ऐकवलं, "पोरले जेवाले देऊ का तुम्हनं भाषण?" मी त्या दिवशी आमरसाबरोबर किती पोळ्या हाणल्या ते सांगत नाही, पण दुसऱ्या दिवसापासून खडाखडीत माझं डोकं चालायला लागलं हे खरं.

पुढच्या चाचणीला तीच मुलगी समोर आली. या वेळी मी घाई केली नाही. पंच दोनदा ओरडले, "खेळ करा, खेळ करा." मी तिचे हात खेळवत राहिले. एका क्षणी तिचं मनगट माझ्या मुठीत आपण होऊन विसावल्यासारखं वाटलं आणि मी आत शिरले. पाय तर नुसता माझी वाट बघत होता. जिंकून बाहेर आले तेव्हा नानांचे डोळे भरले होते. मी मनगट पुढे केलं. त्यांनी धरलं, दाबलं, स्वतःचं नाक वर ओढलं आणि म्हणाले, "कच्ची शे." त्यांना एक अशी हाणावीशी वाटली म्हणून सांगू!

पुढे मी धुळ्याला मुलींना कुस्ती शिकवायला लागले. सणावाराला चोपड्याला यायचे, तालमीत जायचे. अलीकडे काही वर्षांपासून अक्का विसरायला लागली होती. आधी मीठ, मग माणसं, मग दिवस. आणि त्यापाठोपाठ तिला हातांची भीती बसली. कोणी हात लावला की ती किंचाळायची, ओरबाडायची. न्हाऊ घालायला, खाऊ घालायला कोणालाच जवळ येऊ द्यायची नाही. त्यांची सून मीनावहिनी, मोठी गुणाची बाई. तिच्या दोन्ही हातांवर अक्काच्या नखांचे ओरखडे असायचे. चालायचं फक्त नानांचं. ते अक्काजवळ बसत, तळहात वर करून आपला हात तिच्या हाताखाली सरकवत आणि गप्प राहत. वेळ जायचा. मग अक्काची बोटं हळूहळू त्यांच्या मनगटाभोवती मिटायची. ते उठले की तीही उठायची, ते जेवले की तीही जेवायची. मैदानं गाजवलेला तो म्हातारा मग बायकोला एकेक घास भरवायचा.

"मन्हा मांगे हिना हात कोन धरी?" नाना मला म्हणायचे. दिवसातून केव्हाही म्हणायचे, मध्येच, बोलणं कशाचंही चालू असो. त्यांना दुसरी काळजीच उरली नव्हती. मी वैतागून म्हणायचे, "अहो, मग वहिनींना शिकू द्या ना. एक वेळ तरी त्यांना करू द्या." ते हो म्हणायचे. पण वहिनी पुढे झाल्या, अक्काने तोंड फिरवलं, की लगेच "ऱ्हाऊ दे, मी देखस" म्हणून स्वतः पुढे सरसावायचे. शेवटी मी फटकन बोलले, "नाना, आता तुम्ही पकड सोडा!" ते हसले. "सोडानं मी शिकनूच नही, उज्जे," म्हणाले. मला वाईट वाटलं, रागही आला. म्हाताऱ्यापुढे मी हात टेकले.

यंदा ऐन उन्हाळ्यात नाना गेले. दुपारी तालमीतून आले, पाणी प्यायले, भिंतीला टेकून बसले ते बसलेच. मी धुळ्याहून पोहोचले तेव्हा सगळं आटोपत आलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अक्काने पाण्याचा थेंब घेतला नव्हता. मागच्या खोलीत परसदाराच्या चौकटीला दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली होती. बाहेर आग ओकणारं ऊन, वय झालेलं शरीर. डॉक्टर येऊन सांगून गेले की संध्याकाळपर्यंत पोटात पाणी गेलं नाही तर जळगावला दवाखान्यात न्यावं लागेल. आणि दवाखान्यात नेणार म्हणजे चारजण मिळून उचलणार, हात बांधणार.

बोदवडहून आलेल्या नानांच्या बहिणीने पदर खोचला. "दोघी जनी हात धरा, मी तोंड उघडस." दोघीजणी पुढे झाल्या. अक्का अशी ओरडली की अंगणात बसलेले पुरुष उठून उभे राहिले. मी सगळ्यांवर खेकसले, "हात काढा! सगळे हात काढा आणि बाहेर व्हा!" आत्या पुटपुटत बाहेर पडल्या. मी दार लोटलं, पाण्याचा पेला उचलला आणि अक्काचा हात धरायला गेले. वरून. एवढं आयुष्य ह्यात घालवून मी मूर्खासारखी वरून गेले! अक्काने असा फटका दिला की पेला पार कोपऱ्यात जाऊन पडला. पायाला भेटायला पळत गेले होते मी, पुन्हा एकदा.

मग मी खाली बसले. तिच्याकडे बघितलं नाही, बोलले नाही. तिचा एक हात दमून चौकटीवरून मांडीवर आला, तेव्हा मी माझा हात तळवा वर करून त्याच्याखाली सरकवला आणि तिथेच ठेवला. पत्रा तापून कडकड वाजत होता. पाठ भिजली, पायाला मुंग्या आल्या. नाना आठवत होते आणि मी आवाज न करता रडत होते. केव्हातरी अक्काची बोटं हलली. माझ्या मनगटाभोवती मिटली. अंगठा आतल्या बाजूला आला आणि त्याने जरासं दाबलं. थेट नानांसारखं.

"कच्ची शे," अक्का म्हणाली.

मी रडता रडता हसले. तिथूनच हळूच हाक मारली, "वहिनी, इकडे या." मीनावहिनी आल्या, हातात भात कालवलेली वाटी आणि पाण्याचा पेला, चेहऱ्यावर भीती. "मला नाही जमणार गं," त्या पुटपुटल्या. मी त्यांना शेजारी बसवलं, त्यांचा हात माझ्या हाताला लावून ठेवला आणि माझा जरा जरा करत मागे घेतला. अक्काची बोटं क्षणभर हवेत राहिली. वहिनी हात ओढून घेणार असं मला वाटलं. त्यांनी घेतला नाही. अक्काने त्यांचं मनगट धरलं, त्या ओरखड्यांवरच, चांगलं घट्ट, दाबून पाहिलं आणि तोंड उघडलं. वहिनींनी पहिला घास भरवला. मग पाणी. मग दुसरा घास.

वाटी संपली तरी अक्काने मनगट सोडलं नव्हतं. ती तशीच भिंतीला टेकून डोळे मिटून बसली. वहिनी अवघडून गेल्या होत्या. बऱ्याच वेळाने माझ्याकडे वळून कुजबुजल्या, "हात दुखतोय गं माझा."

"दुखू द्या," मी म्हटलं. "सोडवू नका."